पत्नीच्या आय-१३० साठी मराठी कागदपत्रं आणि त्यांचं भाषांतर : कोणी करावं, कसं करावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेचा नागरिक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सांगलीत लग्न झालं, बायको सध्या माझ्या आईवडिलांकडे सांगलीला असते. तिच्यासाठी आय-१३० (जोडीदाराला अमेरिकेत बोलावण्याचा पहिला अर्ज) भरायला घेतलाय आणि कागदांपाशी गाडी अडली आहे.

१. विवाह नोंदणी प्रमाणपत्र (नमुना ई) महापालिकेचं आहे. छापील मजकूर मराठी-इंग्रजी दोन्हीत, पण अधिकाऱ्याचा शेरा आणि गोल शिक्का फक्त मराठीत.
२. बायकोचा जन्म तिच्या आजोळी झाला. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पूर्ण मराठीत आहे आणि 'बालकाचे नाव' हा रकाना कोरा आहे.
३. त्याच दाखल्यावर सासूबाईंचं माहेरचं नाव आहे. बायकोच्या पासपोर्टवर आईचं नाव म्हणून त्यांचं सासरचं नाव आहे. पहिलं नावही लग्नात बदललेलं, त्यामुळे दोन्ही नावांत काहीच साम्य नाही.
४. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. त्यावर जन्मस्थळ कराड, जन्मदाखल्यावर आजोळचं गाव.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की भाषांतर करतानाच सासूबाईंचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहून टाका, कोरा रकाना भरून टाका, तिकडे कोणाला मराठी कळतंय! मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. भाषांतर मी स्वतः केलं तर चालतं का? नोटरी लागते का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

सातासमुद्री
नोटरी करून घ्या, शिवाय अपोस्टिलही (कागद परदेशात चालावा म्हणून घेतात ते सरकारी साक्षांकन). आमच्या वेळी एजंटने सगळ्याच कागदांवर करून घेतलं होतं. नंतर कटकट नको.

शब्दसाकव
मी पुण्यात मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते. त्यातलं बरंचसं काम परदेशी जाणाऱ्या जोडीदारांच्या कागदांचंच असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तुमच्या ओळखीच्यांच्या सल्ल्याबद्दल. कृपया तसं अजिबात करू नका. कागदावर जे आहे ते आणि तेवढंच भाषांतरात यायला हवं. कोरा रकाना असेल तर कंसात 'कोरा' लिहायचं. सासूबाईंचं माहेरचं नाव असेल तर माहेरचंच लिहायचं. मुंबईच्या वकिलातीत मराठी वाचणारे कर्मचारी आहेत आणि मुलाखतीला मूळ कागद समोर ठेवावे लागतात. आज जी विसंगती आहे ती नावांची आहे. ती लाखो मराठी बायकांच्या कागदांत असते आणि तिचा सरळ खुलासा करता येतो. भाषांतरात फेरफार केलात की ती खोट्या कागदाची गोष्ट होते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पत्नीला कायमचं अपात्र ठरवलं जाऊ शकतं. इतकी मोठी जोखीम एका नावासाठी घेऊ नका.

आता नियम. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, म्हणजे यूएससीआयएसचा, नियम अगदी थोडक्यात आहे. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदासोबत त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतरकाराने दोन गोष्टी प्रमाणित करायला हव्यात : भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्याइतकं ज्ञान आपल्याला आहे. बस. नोटरीची अट त्यात नाही, सरकारमान्य भाषांतरकाराचीही नाही. आय-१३० साठी अपोस्टिलही लागत नाही. केलंत म्हणून कोणी नाकारणार नाही, पण त्यात पैसे आणि आठवडे जातात.

भाषांतराचं हे प्रमाणपत्र साध्या कागदावर चालतं. त्यात कोणत्या कागदाचं भाषांतर आहे ते नावानिशी, वर सांगितलेली दोन विधानं, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, पत्ता आणि तारीख. माझा आग्रह असतो की प्रत्येक कागदाला वेगळं प्रमाणपत्र जोडावं. पाच कागदांना मिळून एक दिलं आणि पुढच्या टप्प्यावर एकच कागद अपलोड करायचा झाला की पुन्हा शोधाशोध होते.

स्वतः भाषांतर करण्याला नियमात स्पष्ट मनाई नाही. तरीही तुम्ही किंवा पत्नीने करू नये असंच मी सांगेन, कारण या अर्जात दोघांचा थेट संबंध आहे. दोन्ही भाषा नीट येणारा मित्र, शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी, कोणीही चालेल. व्यावसायिकच हवा असं नाही. यंत्राकडून मसुदा करून घेतलात तरी खाली सही माणसाचीच लागते, आणि सही करणाऱ्याने ओळ न् ओळ ताडून पाहिलेली असायला हवी. यंत्र 'शेरा' आणि 'हुद्दा' यांचा घोळ घालतं, आडनावाचा अर्थ लावून त्याचंच भाषांतर करून ठेवतं. हाताने लिहिलेल्या दाखल्यातला १ आणि ९ तर हमखास चुकतो.

कृष्णाकाठ
शब्दसाकव ताई, मनापासून आभार. शिक्क्यांचंही भाषांतर करायचं का? आणि विवाह प्रमाणपत्र अर्धं इंग्रजीत असताना त्याचंही करायचं?

शब्दसाकव
हो, दोन्हीचं. 'संपूर्ण' या शब्दात शिक्के, शेरे, समासातल्या नोंदी, मागच्या बाजूचा मजकूर, छापील सूचना असं सगळं येतं. शिक्का असेल तिथे चौकटी कंसात 'गोल शिक्का : अमुक महानगरपालिका, विवाह निबंधक' असं लिहायचं. वाचता येत नसेल तर 'अवाच्य', सही असेल तर 'सही'. अंदाजाने काही भरायचं नाही. दोन भाषांतल्या प्रमाणपत्राचं भाषांतर करताना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उतरवायचा आणि फक्त मराठी भागाचं भाषांतर करायचं. मांडणीही शक्यतो मूळ कागदासारखीच ठेवा. रकाना क्रमांक ४ भाषांतरातही चौथाच आला की तपासणाऱ्याला मूळ कागदाशेजारी ठेवून बघता येतं.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे ०४/१२/२०२३ म्हणजे ४ डिसेंबर, तिकडे तेच १२ एप्रिल होतं. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा. आणि नमुना ई वर दोन तारखा असतात, लग्नाची आणि नोंदणीची. अर्जातल्या लग्नाच्या तारखेच्या रकान्यात लग्न लागलं तो दिवस लिहायचा. लोक घाईत नोंदणीचा दिवस लिहितात आणि मग फोटो, पत्रिका, अर्ज यांचा मेळ बसत नाही.

रोमन लिपीतल्या स्पेलिंगचं म्हणाल तर देवनागरीतून आणताना पासपोर्टमधलं स्पेलिंगच वापरा. 'ज्ञ', 'क्ष', 'व', 'ऱ्ह' यांचं प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो. पत्नीच्या नावाचं भाषांतरकाराने आपल्या मनाने केलं तर उगाच तिसरं नाव जन्माला येतं. पत्नीच्या आईवडिलांचं स्पेलिंगही पत्नीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरून घ्या. अर्थात हे फक्त स्पेलिंगपुरतं. मूळ कागदावर नावच वेगळं असेल तर ते वेगळंच राहणार.

जुनी_चावडी
मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. जन्म-मृत्यूचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्या हाताखाली होतं, म्हणून दाखल्याबद्दल सांगतो.

नावाचा रकाना कोरा असणं यात काही संशयास्पद नाही. पूर्वी बाळंतपण झालं की दोन-चार दिवसांत कोणीतरी येऊन वर्दी द्यायचं, तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. लिंग, तारीख, आईबापाचं नाव एवढीच नोंद व्हायची, नंतर नाव घालायला कोणी येत नसे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद माहेरच्या गावी. वर्दी द्यायला गेलेला मामा किंवा आजोबा, त्यांच्या तोंडी मुलीचं माहेरचंच नाव. तुमच्या कागदावरच्या तिन्ही गोष्टींचं मूळ हेच दिसतंय.

नाव घालण्याची सोय जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये आहे. नियमाप्रमाणे त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे, पण शासन वेळोवेळी मुदतवाढ देत आलंय. आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत सध्या काय चालू आहे ते विचारा. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नाव घालून मिळालं तर नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मागा, आता तसा मिळतो. तुमचं निम्मं भाषांतर तिथेच संपेल.

नोंदच सापडत नसेल अशा लोकांसाठीही सांगतो. त्यांनी अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा. एक वर्षाहून उशिराची नोंद आता दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिलाय. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. कोणी 'पैसे द्या, जुन्या तारखेचा दाखला काढून देतो' म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. दाखल्यावर जन्माची आणि नोंदणीची अशा दोन्ही तारखा असतात, आणि रजिस्टर कधीही तपासता येतं.

अबोली
मी याच मार्गाने नवऱ्याकडे आले, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. कृष्णाकाठ, जन्मदाखल्यासाठी आय-१३० थांबवू नका! जोडीदाराच्या अर्जाला पहिल्या टप्प्यात लाभार्थीचा, म्हणजे पत्नीचा, जन्मदाखला लागतच नाही. लागतं ते असं : तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आधीचं लग्न असल्यास ते संपल्याचा कागद (दोघांपैकी कोणाचंही), दोघांचे दोन बाय दोन इंचाचे फोटो, पत्नीने भरलेला आय-१३०ए (तिच्या माहितीचा जोड-अर्ज), आणि लग्न खरं असल्याचे पुरावे. हे सगळं प्रतींवर चालतं, मूळ कागद मागितल्याशिवाय पाठवायचे नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये शुल्क बदललं, तेव्हापासून ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५.

अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जातं. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन शुल्कं, आय-८६४ (तुमचं आर्थिक हमीपत्र), आणि तेव्हा पत्नीचा जन्मदाखला आणि पोलिस क्लिअरन्स. मधल्या वेळेत नाव घालून घेणं निवांत होईल. तिथे अपलोड करताना मूळ कागद आणि त्याचं भाषांतर एकाच फाईलमध्ये असावं लागतं, वेगवेगळं नाही.

कृष्णाकाठ
अबोली ताई, हे माहीत असतं तर अर्ज कधीच गेला असता. आज घरी सांगितलं तर आईनेही सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंना तर आपल्या नावामुळे लेकीचं अडतंय असं वाटून वाईट वाटत होतं.

शब्दसाकव
सासूबाईंना आवर्जून सांगा, त्यांचं काहीही चुकलेलं नाही. लग्नात नाव बदलायची रीत होती, त्यांनी ती पाळली. त्यांनी एक प्रतिज्ञापत्र करावं : माझं माहेरचं नाव अमुक, विवाहानंतरचं नाव तमुक, या दोन्ही नावांची व्यक्ती मीच, आणि अमुक तारखेला अमुक गावी जन्मलेली ही माझी मुलगी. जन्म माहेरी झाला आणि शाळेत दाखल करताना कराड हे राहतं गाव सांगितलं गेलं, हेही तिथेच लिहा. म्हणजे तुमचा चौथा मुद्दाही मिटला. हे प्रतिज्ञापत्र मात्र नोटरीसमोरच करायचं. नोटरी कुठे लागते आणि कुठे नाही याचा गोंधळ इथेच होतो. शपथेवर केलेल्या कथनाला लागते, भाषांतराला नाही.

हे प्रतिज्ञापत्र थेट इंग्रजीतच करून घ्या, नाहीतर त्याचंही भाषांतर आलं. सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर 'हा मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला आणि तो बरोबर आहे' असं वाक्य शेवटी असू द्या. आणि ते वाक्य लिहिण्यापुरतं ठेवू नका, खरोखर वाचून दाखवा. आपण कशावर सही करतो आहोत ते त्यांना कळायलाच हवं.

त्यांच्याकडे जुन्या नावाचा एखादा कागद असेल, शाळेचा दाखला किंवा लग्नपत्रिका, तर तोही जोडा. पत्रिकेवर माहेरचं नाव असतंच.

सातासमुद्री
नोटरीबद्दल मी वर लिहिलं ते एजंटच्या सांगण्यावरून होतं. खुलाशाबद्दल धन्यवाद. पुराव्यांबद्दल विचारतो : माझ्या भावाचं प्रकरण चालू आहे. त्याने व्हॉट्सॅपचे सगळे संवाद छापून ठेवलेत, चांगली जाडजूड फाईल झाली आहे. सगळं मराठीत, पण रोमन लिपीत. त्याचं भाषांतर लागेल?

अबोली
लागेल. लिपी रोमन असली तरी भाषा इंग्रजी नाही. एवढं सगळं देऊच नका. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान निवडा, ज्यात रोजच्या संसाराची बोलणी आहेत : आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घरभाडं, दिवाळीला कोण येणार. तेवढ्याचं पूर्ण भाषांतर द्या. कॉलच्या यादीत शब्द नसतात, फक्त तारखा आणि मिनिटं, तिला भाषांतर लागत नाही. भारतात जाऊन आल्याची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, एकत्र बँक खातं, विम्यात किंवा पीपीएफमध्ये वारस म्हणून पत्नीचं नाव हे त्या जाड फाईलपेक्षा वजनदार ठरतं.

शब्दसाकव
अबोलीशी पूर्ण सहमत. आणि कृष्णाकाठ, तुमची पत्नी सासरी राहते ना? मग घरच्या शिधापत्रिकेत तिचं नाव चढवलंय का ते पाहा. सुनेचं नाव रेशनकार्डावर आलं म्हणजे घराने तिला घरातलं मानलं, याचा तो सरकारी कागद आहे. लोक तो देतच नाहीत, कारण त्यांना तो फक्त धान्याचा वाटतो. त्याचं भाषांतर थोडं किचकट, नावं कमी केल्याच्या आणि वाढवल्याच्या नोंदी, पुरवठा खात्याचे शिक्के, पण आवर्जून द्या.

लग्नपत्रिकेचंही पूर्ण भाषांतर करायचं, अगदी वरच्या 'श्री गणेश प्रसन्न'पासून खालच्या 'आमच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत. दोन ठिकाणी जपा. 'चि. सौ. कां.' मधल्या 'सौ.' चं 'मिसेस' करू नका. मुलगी आधीच विवाहित होती असा अर्थ निघतो. ते आशीर्वादाचं बिरुद आहे, तसं टीपेत लिहा. आणि शके १९४५ असेल तर ते तसंच ठेवून टीपेत इसवी सन द्या. चैत्र ते डिसेंबर शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९.

टोरांटोकर
कॅनडासाठी वाचणाऱ्यांनी सावध राहा, इकडचे नियम वेगळे आहेत. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपमध्ये भाषांतर अर्जदाराने किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही. आई, वडील, भावंडं, काका, आत्या, पुतणे, कोणीही नाही, ते व्यवसायाने भाषांतरकार असले तरी नाही. आणि भाषांतरकार इथल्या मान्यताप्राप्त संस्थेचा सदस्य नसेल तर त्याचं शपथपत्र लागतं, म्हणजे नोटरी आलीच. माझ्या पत्नीचे कागद आम्ही सोलापुरात भाषांतर करून घेतले आणि भाषांतरकाराने तिथल्याच नोटरीसमोर शपथपत्र केलं. ते चाललं.

मांडवीकाठ
गोव्याचा वेगळाच प्रकार. आमच्याकडे नागरी नोंदणी सक्तीची आणि ती धार्मिक विधीच्या आधी होते. आधी निबंधकाकडे लग्नाच्या इराद्याची नोंद, मग काही दिवसांनी कायम करण्यासाठी सही. माझ्या बहिणीची सही मे महिन्यात झाली आणि लग्न डिसेंबरात लागलं. फोटो, पत्रिका, हॉलची पावती सगळं डिसेंबरचं, प्रमाणपत्र मेचं. तिने गोव्याचा कायदा आणि पद्धत सांगणारं एक पानी निवेदन सुरुवातीलाच जोडलं, नंतर कोणी विचारलं नाही. सध्याची प्रमाणपत्रं इंग्रजीत मिळतात. ज्येष्ठ जोडप्यांचे १९६१ च्या आधीचे दाखले पोर्तुगीजमध्ये आहेत. त्यांना पोर्तुगीज जाणणारा भाषांतरकार लागतो, मराठी-कोकणीवाल्याने अंदाजाने करू नये.

एक वाचक
नेहमी वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझं हे दुसरं लग्न. पहिला घटस्फोट तालुक्याच्या कोर्टात झाला, निकालपत्र मराठीत, बरीच पानं. त्यात माझ्याबद्दल जे आरोप झाले होते तेही लिहिलेत. सगळं भाषांतर करून द्यावंच लागेल का? फक्त शेवटचा आदेश दिला तर?

शब्दसाकव
ताई, तुमची घालमेल समजते. आधीचं लग्न कायद्याने संपलंय आणि ते या लग्नाच्या आधी संपलंय, हे दाखवण्यासाठी कागद लागतो. कोर्टाच्या नक्कल विभागातून हुकूमनाम्याची स्वतंत्र प्रमाणित प्रत मागा. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे दस्त असतात. हुकूमनाम्यात पक्षकार, दावा क्रमांक, तारीख आणि विवाह विच्छेदित झाल्याचा आदेश असतो, आरोपांची चर्चा नसते. तो पूर्ण दस्त असल्यामुळे त्याचं पूर्ण भाषांतर देणं नियमाला धरून होतं. निकालपत्रातली दोनच पानं काढून दिलीत तर मात्र ते अपुरं ठरेल. पुढे निकालपत्र मागितलंच तर द्यावं लागेल, आणि तेव्हा तेही जसंच्या तसं. दुसऱ्याने केलेले आरोप भाषांतरात आले म्हणून ते खरे ठरत नाहीत. भाषांतर कोणाकडून करून घ्यावं याचा संकोच वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओळखीपाळखीच्या बाहेरचं माणूस नक्की सुचवेन.

एक वाचक
हुकूमनामा वेगळा मिळतो हे मला वकिलांनीही सांगितलं नव्हतं. व्यनि केलाय. खूप आभार.

कृष्णाकाठ
सद्यस्थिती सांगतो. विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी केलं, शिक्क्यांसकट, आणि भाषांतराच्या प्रमाणपत्रावर सही केली. रेशनकार्डात नाव होतंच, लग्नानंतर बाबांनी लगेच चढवलं होतं. ते आणि पत्रिका सरांकडे दिल्यात. दोन्ही आली की अर्ज ऑनलाइन भरतो. आजोळच्या ग्रामपंचायतीत मेहुणा जाऊन आला, नाव घालण्याचा अर्ज घेतलाय.

एक राहिलं. पुढे आणखी पुराव्याची नोटीस आली, तर भाषांतर जसजसं तयार होईल तसतसं पाठवलं तर चालतं का?

अबोली
नाही! नोटिशीला उत्तर एकदाच देता येतं. जे पाठवाल तेच तुमचं संपूर्ण उत्तर समजतात आणि त्यावर निर्णय घेतात. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १२ आठवडे, आणि ती वाढवून मिळत नाही. म्हणून शाळेच्या दाखल्याचं आणि सासूबाईंच्या प्रतिज्ञापत्राचं काम आत्ताच करून ठेवा. एनव्हीसीला लागू शकेल.

जुनी_चावडी
मेहुण्याला सांगा, अर्जाची पोच घ्यायची आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्यायची. आणि रजिस्टरमधल्या मूळ नोंदीची साक्षांकित नक्कल आत्ताच मागून ठेवा. दुरुस्तीनंतरचा दाखला आणि दुरुस्तीपूर्वीची नक्कल अशी दोन्ही हाताशी असली की मुलाखतीत विचारलं तर पत्नीला काय बदललं आणि का, ते कागद दाखवून सांगता येईल.